हात न लावता पाघळलेला कापूर

ढाणकीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचा तांडा लागतो. तांड्यात कोणाचं डोकं दुखलं, कोणाला ऊन लागलं, की माणूस आधी रामीबाईच्या दारात जातो. रामीबाई म्हणजे माझी जेठाणी. माझे मालक शाम, त्यांचे थोरले भाऊ नेमसिंग, त्यांची ती बायको. आमची दारं शेजारी शेजारी आहेत. तिच्याकडे जाणारा माझ्या ओट्यावरून जातो, मला राम राम करतो आणि पुढे सरकतो. इतकी वर्षं झाली, तो राम राम मला कधी पुरला नाही.

मी रोज संध्याकाळी दिवा लावला की पानभर लिहिते. त्या पानांत ही बाई इतक्यांदा येते, की तिचं सगळं एकदा एका ठिकाणी लिहून मोकळं व्हावं असं बरेच दिवस मनात होतं.

रामीबाई अंगानं जाड आणि आवाजानं त्याहून जाड. हसली की ओट्यावरच्या कोंबड्या उठून पळतात. सोवळं-ओवळं तिला ठाऊक नाही. आंघोळीच्या आधी चहा, चहाच्या आधी मिश्री. उपास धरला तर दुपारी विसरून भाकर खाते आणि वर म्हणते, "जगदंबेनंच विसरवलं असन. तिलेच दया आली माही." मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक मंगळवार मोडला नाही. मोठेपणा म्हणून नाही सांगत, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते.

तिचा बाप डोंगरसिंग वणीच्या, केळापूरच्या बाजारात फडकं अंथरून जडीबुटी विकायचा. लग्नात लोकांनी भांडी दिली, त्यानं पोरीला जाड काचेची, घट्ट बुचाची एक शिशी दिली आणि ती भरायची कशी ते शिकवलं. आमच्याकडे ती शिशी आली तीच मुळी सून असल्यासारखी.

दसऱ्यानंतर कापूस वेचायला निघाला की रामीबाई ढाणकीहून तीन पुड्या आणायची. ओट्यावर बसायची, तिन्ही पुड्यांतले पांढरे खडे शिशीत टाकायची, बूच लावायची, दोन-चार हिसके द्यायची आणि शिशी मांडीवर दोन्ही हातांत धरून गप्पा मारत बसायची. पाणी नाही, तेल नाही, चूल नाही. बायांच्या गप्पा संपेपर्यंत खडे जायचे आणि शिशीत पाण्यासारखं स्वच्छ औषध डुलायचं. त्याचा एक थेंब पदराच्या टोकाला लावायचा आणि वास घ्यायचा, नाहीतर कपाळावर चोळायचा. लहान लेकराला लावू नका, डोळ्याजवळ नेऊ नका, एवढं ती प्रत्येकीला बजावायची. वेचणीच्या उन्हानं आणि फवारणीच्या वासानं डोकं चढलेल्या बाया तो थेंब लावायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "रामीच्या हातात ऊब आहे. खडा पाघळते तिच्या हातात."

माझी सासू तानाबाई, तिला आम्ही याडी म्हणतो, म्हणजे आई. याडी त्यावर मान हलवायची. "हाताले गुण आहे पोरीच्या."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. माझ्या हाताला काय आहे, ते कोणी कधी म्हटलं नाही. पहाटे देवीचा टाक मी धुवायची, राखेनं घासून पुसायची, फूल वाहायची. चांदीच्या त्या पत्र्यावरचं देवीचं नाक माझ्या बोटांनी झिजलं आहे. पण टाक पुसताना कोणी बघत नाही. शिशी मात्र ओट्यावर असते.

एकदा शेजारणीनं विचारलं, "यात टाकते तरी काय वं?"

"एक कापूर," रामीबाई म्हणाली, "अन् दोघं त्याचे भाऊ."

सगळ्या हसल्या. मी विचारलं असतं तर तिनं भावांची नावंही सांगितली असती. तिनं सांगावं, हेच मला नको होतं.

मग ती वाईट वर्षं आली. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. भाव वाढेल म्हणून आमचा कापूस घरातच पडला होता. दोन्ही खोल्या वरच्या आढ्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या, आणि माणसं मधल्या बोळकांडीत बसून जेवायची. अंग सारखं खाजायचं. पोळीत कापसाचा तंतू निघाला तर कोणी बोलायचंही नाही. भाव काही वाढला नाही. एका चुलीवर सगळ्यांचं भागेना, तेव्हा नेमसिंग आणि शाम दोघांनी मिळूनच ठरवलं, की गुढीपाडव्यापासून चुली वेगळ्या करायच्या. भांडण नव्हतं. वावर झालं, बैल झाले, भांडी झाली. राहिला देवीचा टाक. टाक एक आणि घरं दोन.

आमच्या घराण्यात टाक थोरल्याचा किंवा धाकट्याचा नसतो. घरातली म्हातारी ज्या सुनेच्या हातात देईल, तिच्या घरी तो जातो. देवी गेली की सण तिथे, भोग तिथे, पाहुणे आधी तिथे. शामनं सासूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाडव्याच्या सकाळी सांगीन. ज्या हाताले गुण, त्या हातात जगदंबा."

गुण कोणाच्या हाताला, ते तर साऱ्या तांड्यात ठरलेलंच होतं.

त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात घर करून बसली. रामीबाईच्या हातात होतं ते माझ्या हातात झालं, तर तिचा हात नुसता हात ठरेल. मग टाक कोणाच्या घरी जावा, हे टाक कोण पुसतं त्यावरून ठरेल.

कापूर देवघरात होताच. दोन भाऊ शोधायचे होते. लांबून पाहिलेलं एवढंच आठवत होतं, की एक चकाकतो आणि एक खड्यासारखा आहे. मी खडीसाखर आणि तुरटी घेतली. केसांच्या तेलाची रिकामी बाटली धुतली, तिन्ही आत टाकले, हिसके दिले, मांडीवर धरून बसले. जगदंबेचं नाव घेत बसले. मांडी अवघडली, खडा काही पाघळला नाही. मग बाटली देवीच्या पायाशी ठेवली. मग बूच काढून खिडकीत उन्हात ठेवली. कापूर दिवसेंदिवस उडून कमी झाला, साखर-तुरटी जशीच्या तशी, आणि बाटलीला मुंग्या लागल्या.

रामीबाई सूप न्यायला आली होती. ओळ धरून मुंग्या पाहत गेली ती थेट खिडकीपर्यंत.

"जया, इथं मुंग्यांची जत्रा भरली वं. कोणता नवस केला?"

"प्रसाद सांडला."

तिनं बाटलीतला एक खडा बाहेर काढून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "तुरटीचा प्रसाद? तुह्या देवीले दाढी करायची आहे का?"

ती हसली, पण मग हसता हसता थांबली. तिला कळलं. मला तेवढंही लपवता आलं नाही.

"ढाणकीच्या जडीबुटीच्या दुकानात जा," ती म्हणाली. "माह्यं नाव सांग. तो बरोबर देते."

"मले कायले पाहिजे?"

"नको तर नको. मी म्हटलं, मुंग्यांपेक्षा बरं."

सूप घेऊन ती गेली. मी त्या दिवशी जेवले नाही. मंगळवार होता म्हणून बरं, कोणी विचारलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ढाणकीला गेले. दुकानदारानं विचारलं, "रामीबाईच्या तांड्यातल्या का?" मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं. तांडा काही रामीबाईचा नाही. कपाळाला लावायचे थेंब करायचे आहेत म्हटल्यावर त्यानं न विचारता तीन बरण्या काढल्या. एक कापूर. दुसरं पुदिन्याचं फूल, म्हणजे पुदिन्याचा अर्क थिजवून केलेले लांब, सुईसारखे खडे. तिसरं ओव्याचं फूल, ओव्याच्या वासाचे जाड खडे. झाले दोघं भाऊ. त्यानं तिन्ही वेगळ्या पुड्यांत बांधून दिले आणि म्हणाला, "बाई, एक ऐका." पण तेवढ्यात आमच्या तांड्यातली एक बाई समोरून येताना दिसली. मी पदर कपाळावर ओढून चालू लागले.

आमच्या घरात बाहेरून नवी वस्तू आली की ती आधी एक रात्र देवीपुढे राहते. साडी असो, बियाणं असो, चपला सोडून काहीही असो. हा नियम सासूचा, आणि तो पाळणारी घरात मी एकटी. म्हणून सांजवात झाल्यावर पितळेची ताटली घासली आणि हळद-कुंकू-अक्षता मांडतो तसे तीन छोटे ढीग एकाला एक लागून मांडले. पुड्यांत थोडे खडे उरले ते बाजूला ठेवले. सकाळी आंघोळ करून, सासूच्या डोळ्यांसमोर शिशीत भरीन, हातात धरीन आणि पाघळवून दाखवीन. जगदंबेला म्हटलं, इतकी वर्षं तुझं नाक पुसलं, आता माझं नाक राख.

सकाळी ताटलीत पाणी होतं.

तीन ढीग नव्हतेच. तळाशी दोन-चार कण, बाकी सगळं पातळ, स्वच्छ पाणी. मागे वळून पाहिलं तर देवघराच्या दाराशी ओली घागर. घागर रामीबाईची. त्या सकाळी माझ्याआधी उठलेली तीच होती.

मी ओट्यावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "देवीपुढच्या माह्या वस्तूवर पाणी कोणी टाकलं?"

नेमसिंग बैलांना कडबा टाकत होते. "कोणी म्हणजे?"

"ज्याले माह्या हातून झालेलं पाहवत नाही, त्यानं."

रामीबाई झाडू घेऊन उभी होती. तिनं झाडू खाली ठेवला. "मले म्हणून राह्यली का?"

"घागर कोणाची आहे दाराशी?"

"माही. सडा टाकाले आणली. सडा दारात टाकतेत जया, देवघरात नाही."

"टाकणाऱ्याले काय, कुठंही टाकता येते."

शाम मला आत चल म्हणाले. मी हलले नाही. याडी खाटेवर उठून बसली. म्हातारी अजून फेटिया-कांचळी, म्हणजे तांड्याची घागरा-चोळी, नेसते. कानशिलावरच्या चांदीच्या घुगऱ्या वाजल्या की ती काही बोलणार हे घराला कळतं. आता मात्र ती नुसती रामीबाईकडे बघत राहिली.

रामीबाई देवघरात गेली. मिश्रीच्या बोटांनी, बिनआंघोळीची. ताटली घेऊन बाहेर आली. करंगळी बुडवली, नाकाशी नेली, पुन्हा नेली. मग तीच करंगळी सासूच्या कपाळावर ओढली.

"याडी, पाह्य बरं."

सासूनं डोळे मिटले. "हे तर तुह्यंच औषध."

"माह्यं नाही. जयाचं आहे." ती माझ्याकडे वळली. "पाणी कुठलं वं, झोंबून राह्यलं ते. कोणी हलवलं?"

"कोणी नाही."

"हातात धरून बसली होती?"

"नाही. सांजेला ठेवून दिलं. हातच नाही लावला."

रामीबाई आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होती. तेव्हा मला कळलं, की बाया म्हणायच्या ते तिलाही थोडं खरं वाटत होतं. बापानं सांगितलं म्हणून ती शिशी मांडीवर धरायची; न धरता काय होतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी उगाच मांडी मोडून बसली."

"वहिनी, तुह्या हाताची नोकरी गेली," शाम म्हणाले.

मला हवं होतं ते झालं होतं. तिचा हात नुसता हात होता, आणि ते तिच्याच तोंडून निघालं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "देवीपुढं ठेवलं होतं. देवीनं केलं."

"मग माह्या मांडीवर कोणती देवी बसत होती?" रामीबाई म्हणाली.

याडीच्या घुगऱ्या वाजल्या. "उरले का खडे?"

मी पुड्या आणल्या. म्हातारीनं कापराचा एक खडा ओट्याच्या एका टोकाला एकटाच ठेवायला लावला. दुसऱ्या टोकाला, जिथे चपला काढतात तिथे, एका फरशीच्या तुकड्यावर तिन्ही ओतायला लावले, आणि काठीच्या टोकानं एकत्र लोटले. कोणी हात लावायचा नाही, कोणी देवीचं नाव घ्यायचं नाही, असं सांगून चहा मागितला. चैत्राचं ऊन अजून ओट्यावर आलं नव्हतं. आम्ही सगळे चहा पीत त्या फरशीकडे बघत होतो. आधी खडे ओलसर दिसले. मग त्यांच्या कडा गेल्या. मग ते एकमेकांत बसू लागले आणि फरशीवर तेलाच्या डागासारखा ओघळ पसरला. पलीकडचा एकटा कापूर कोरडा ठणठणीत.

"पाह्यलं?" याडी म्हणाली. "ना तुहा हात, ना तिचा. देवीचंही नाव नको. एकापाशी एक बसले, का पाघळले."

मी म्हटलं, "पाघळले खरं. पण मग कोण कोणता, ते ओळखू येत नाही."

पाडव्याच्या दिवशी, चुली वेगळ्या होताना, मी ते बोलायला नको होतं असं शाम नंतर म्हणाले. मला अजूनही ते बरोबरच वाटतं.

"आता टाक कोणाले देऊ?" म्हातारी म्हणाली. "हात पाहून द्यायचा होता. पाहाले गेलं तर हातच निघाला नाही."

मी काही बोलायच्या आत रामीबाई बोलली. ओट्यावरून फरशीचा तुकडा उचलता उचलता, भांडं घासायला न्यावं तशा आवाजात.

"जयाले दे याडी. माह्याच्यानं ते सोवळं होत नाही. मी विसरते. उपाशी राहीन देवी एखाद दिवशी. मी शेजारीच तर आहे, येऊन हात जोडीन."

"जोडशीन का?"

"जोडीन ना. आंघोळ करून जोडीन का नाही, ते सांगता येत नाही."

नेमसिंग हसले, शाम हसले, याडीही हसली. टाक लाल फडक्यात गुंडाळून तिनं माझ्या ओंजळीत ठेवला. मी उंबरठा ओलांडून आत नेला. जिच्यासाठी मी मुंग्यांपर्यंत खाली उतरले ती देवी माझ्या घरी आली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांना भक्तीचं वाटलं. मला ती जिंकून मिळाली असती तर चाललं असतं. हरून गेली असती तरी रडले असते आणि सोसलं असतं. पण तिनं सोडली म्हणून मिळाली. भाजीवाल्यानं वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखी.

मी बाहेर आले तेव्हा याडी शामला खाट उचलायला सांगत होती.

"कुठं?" मी विचारलं.

"रामीकडे. जगदंबा तुह्याकडे गेली. दोघी म्हाताऱ्या एका घरात कायले? त्या घरातही कोणी पाहिजे."

खाट गेली. दोन पावलांवर, पण गेली.

पुढे ढाणकीला गेले तेव्हा दुकानदारानं ओळखलं. "तेच सांगत होतो बाई, तुम्ही थांबल्या नाही. तिन्ही एकमेकांना लागू देऊ नका, पाणी होते." मी विचारलं, काहून होते. तो म्हणाला, "प्रत्येकाले पाघळाले आपापली आच लागते. कापराले तर चुलीवरच्या पाण्याहून जास्त. पण मिसळले का तेवढी लागत नाही. इतकी कमी लागते का घरातली हवाच पुरते. भांड्याले डाग देणारा शिशात कथील मिसळते, ते काय उगाच? एकट्या शिशाहून, एकट्या कथिलाहून ते मिसळलेलं लवकर पाघळते." मी घरी येऊन करून पाहिलं. कापूर आणि नुसतं ओव्याचं फूल, तरी पाणी. कापूर आणि नुसतं पुदिन्याचं फूल, तरी पाणी. एकट्या कापराला किती जपलं तरी तो उडून जातो, पण पाघळत नाही.

म्हणून मीही शिशी भरते. त्याच दुकानातून, त्याच तीन बरण्यांतून. वास तोच, रंग तोच, झोंबणं तेच. आता तर साऱ्या तांड्याला माहीत आहे की यात हाताचं काही नाही. तरी वेचणीच्या दिवसांत बाया माझ्या ओट्यावरून पुढे जातात. एकीला मी थांबवलं, म्हटलं, माझ्याकडेही आहे. ती म्हणाली, "तुह्यं देवीपुढचं आहे ना बाई. ते डोक्याले कसं चोळाव?" आणि पुढे गेली, जिथे रामीबाई शिशी मांडीवर घेऊन बसली होती. आता गरज नाही हे ठाऊक असूनही ती मांडीवरच घेते. विचारलं तर म्हणते, "शिशीले नसन लागत. मले लागते." पलीकडे खाटेवर माझी सासू.

रामीबाई रोज येते. बोलल्याप्रमाणे येते, हे मान्य करावं लागतं. कधी आंघोळ करून, कधी न करता. टाकापुढे डोकं टेकते, जगदंबेशी मोठ्यानं दोन शब्द बोलते, माझ्या डब्यातला कापराचा एक खडा न विचारता उचलून पेटवते आणि जाते. मी पहाटेच चंदन उगाळलेलं असतं, उदबत्ती लावलेली असते. ती गेल्यावर देवघरात वास येतो तो पुदिन्याचा, ओव्याचा आणि तिचा. मी टाक पुन्हा पुसते. संध्याकाळपर्यंत तो वास जात नाही.